डोंगा गेला, डबा राहिला

ढिवराच्या, म्हणजे नदीवर मासे धरणाऱ्याच्या, घरात जन्मून ज्याला डोंगा वल्हवता येत नाही असा आमच्या भागात मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट वैनगंगेच्या दोन्ही काठांना ठाऊक होती.

यात माझा दोष थोडा आणि बाचा जास्त. (बा म्हणजे माझे वडील. मास्तर झाल्यावर मी त्यांना एकदा 'बाबा' म्हणून हाक मारली, तर मी कोणाला बोलावतोय ते बघायला ते मागे वळले.) पोरगं शिकावं म्हणून बाने मला सातव्या वर्षी चांद्याला मामाकडे धाडलं. आमची पोरं ज्या वयात डोंग्यात उभं राहायला शिकतात, त्या वयात मी पाढे म्हणत होतो. परत आलो तो फायनल पास होऊन, गावच्या शाळेचा गुरुजी म्हणून. एकोणतीसचा पाढा मला उलटा येत होता. डोंगा सरळसुद्धा येत नव्हता.

आमचा डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेला लांबोडका ऐवज. त्यात माणसाने स्वतःच्या मर्जीने काही करायचं नसतं. शिंक आली तर आधी खाली बसायचं, दोन्ही हातांनी कडा धरायच्या आणि मग शिंकायचं, असं बा सांगायचा. मी न शिंकताही दोनदा पडलो होतो.

लग्न झालं तोवर हे सगळं घरातल्या घरात होतं. बायको कौसल्या, म्हणजे कौशी, नदीच्या खालच्या अंगाच्या गावची. डोंग्याने एका दिवसाची वाट. तिचे वडील, माझे मामाजी, त्या गावाच्या जाळ्याचे मुख्य. नदीत जाळं कधी टाकायचं आणि कधी ओढायचं हे ते ठरवायचे, आणि त्यांच्यापुढे मासेही फारसं बोलत नसत. पहिल्या उन्हाळ्यात मी कौशीला आणायला गेलो तो चुलतभावाच्या डोंग्यातून. तो मागे उभा राहून वल्हवतोय आणि मी मधोमध ट्रंकेवर बसलोय, डोक्यावर छत्री उघडून. काठावर सगळं गाव उभं होतं. पोट धरधरून हसलं. "जवाई नाई, पार्सल आलं," असं कोणीतरी म्हणालं, आणि ते मामाजींच्या काळजात जाऊन बसलं.

पुढे कौशी पोळ्याला माहेरी गेली आणि मामाजींनी तिला ठेवूनच घेतली. निरोप आला : जावयाने दिवाळीच्या आत स्वतः, एकट्याने, डोंगा वल्हवत यावं आणि बायको न्यावी. नाहीतर काडीमोड करू. आमच्यात काडीमोड होते आणि दुसरा पाटही लागतो, आणि त्या गावच्या घाटावरचा नावाडी अजून बिनलग्नाचा होता. त्याचे दंड मी पाहिले होते. ते आठवून मला रात्रीचं जेवण जाईना.

कौशीनेही बाजाराच्या बायकांबरोबर आपला वेगळा निरोप धाडला होता. "या म्हणा," ती म्हणाली होती, "पण बुडू नका म्हणा." तो निरोप ऐकून मी शाळेच्या मागे जाऊन रडलो, आणि दिवाळीच्या चार दिवस आधी येतो असा उलट निरोप त्याच बायकांबरोबर धाडला. मला बायको हवी होती. नुसती बायको नाही, हीच हवी होती. मी कविता शिकवताना चुकलो तर शेजारच्या घरातून ओरडून सांगणारी बायको दुसरी कुठून मिळणार?

आता शिकलेला माणूस संकटात काय करतो? वाचतो. हेडमास्तरांकडे एक जुनं मासिक होतं. त्यात एका साहेबाची हकीकत होती. तो कुठल्याशा मुलखात एकटाच नावेतून रानावनातल्या नद्या फिरायचा. तो सांगत होता, एकट्या प्रवाशाने एका लहानशा डब्यात जीव वाचवायची सगळी सामग्री भरावी आणि तो डबा कमरेला बांधावा. नावेत ठेवू नये. नाव गेली तरी डबा राहिला पाहिजे! मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. डोंगा शिकायला माझ्याकडे पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस मी डबा करण्यात घालवले.

चहाचा पत्र्याचा डबा घेतला, वीतभर उंचीचा. मेणबत्तीच्या मेणात बुडवलेली आगपेटी. गळ आणि दोरी. लहान चाकू. उन्हात चमकवून लांबच्या माणसाला खूण करायला आरसा. शाळेच्या कवायतीची शिटी. हिवतापाच्या गोळ्या. मीठ. गूळ. सुई-दोरा. सगळं एकमेकांत असं बसवलं की काडीला जागा उरू नये. फूटपट्टी घेऊन मी आठ दिवस ते भरत होतो आणि काढत होतो.

माय शेजारी बसून पाहत होती. "आरसा काऊन? पाण्यात भांग पाडशील का?"

"खूण कराले लागते, माय."

"न शिटी? भूक लागली त शिटी खाशील? ते काढ न भाकर टाक."

"भाकर मावत नाई."

"मंग डबाच काऊन नेऊन राह्यला?" माय म्हणाली, आणि भाकरीचं गाठोडं डोंग्यात वेगळं ठेवायचं ठरवून उठून गेली.

मी डब्याची परीक्षा घ्यायला घरामागच्या बोडीवर गेलो, तेव्हा बा तिथे जाळं विणत बसला होता. (बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव.) डबा पाण्यात धरला, शंभर आकडे मोजले, बाहेर काढला. झाकणातून पाणी आत गेलं होतं. मिठाचं पाणी, गुळाचा पाक, आणि त्या पाकात गोळ्या विरघळलेल्या. मी डोकं धरून काठावर बसलो. बा उठून आला. त्याने डबा हातात घेतला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि त्याचं तोंड एकदम कडू झालं.

"गळते," तो म्हणाला.

आता माझ्या बाविषयी सांगायला हवं. फुटक्या डोंग्यात चिंध्या ठोकून, राळ आणि जवसाचं तेल कढवून, ती भेग बुजवणं हे त्याचं काम. त्याच्या हातचा डोंगा तीन पावसाळे थेंब घेत नाही असा लौकिक होता. अशा माणसाच्या घरातून गळका डबा नदीवर जाणार म्हणजे त्याच्या तोंडाला काळंच. पण तेव्हा तो एवढंच म्हणाला आणि परत जाळ्यापाशी गेला. मी नव्याने सामान आणून डबा पुन्हा भरला.

निघायच्या दिवशी पहाटे बाने डबा माझ्या हातात दिला. तो ओळखू येत नव्हता. झाकणाभोवती चिंध्यांचे तीन वेढे आणि त्यांवर काळीभोर राळ, गुळगुळीत, चकचकीत, बुडापर्यंत ओघळून सुकलेली. "आता पाणी नाई जात," बा म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो, डबा कमरेला करकचून बांधला आणि डोंग्यात चढलो. मी सातवी पास, त्याने पन्नास डोंगे बांधलेले. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचा प्रश्न आला नाही.

सकाळचे दोन तास डोंगा वल्हवण्यात गेले असं म्हणता येणार नाही. मी वल्हवत होतो, डोंगा स्वतःभोवती फिरत होता आणि नदी दोघांना घेऊन खाली जात होती. एका घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी मला तीनदा पाहिलं, पुढून, मागून आणि परत पुढून. "कुठी चालले, गुरुजी?" एकीने विचारलं. "सासरी," मी म्हणालो. "मंग तोंड तिकडं करा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत मात्र मला थोडं जमायला लागलं, आणि तिथेच घात झाला. दोन्ही अंगांना सागाचं आणि बांबूचं दाट रान, माणसाचा मागमूस नाही, पाणी कसं शांत. मी खूश होऊन कौशीला पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत होतो. तेवढ्यात डोंगा पाण्याखालच्या दगडांच्या धारेवर चढला आणि अडकला. वल्ह्याने ढकललं, हलेना. मग मी शिकलेल्या माणसासारखा विचार केला : भार कमी केला पाहिजे. म्हणून शेजारच्या खडकावर उतरलो.

भार कमी झाला. डोंगा मोकळा झाला. आणि माझी वाट न पाहता निघून गेला.

भाकरी, छत्री, कोरं धोतर, कौशीसाठी घेतलेलं लुगडं, सगळं घेऊन तो वळणाकडे चालला होता. माझ्या हातात असताना तो एवढा सरळ कधीच चालला नव्हता. मी मांडीएवढ्या पाण्यात उतरलो, पाय सुटायला लागला तसा परत वर आलो. पलीकडच्या वाळूवर एक मगर ऊन खात पडली होती. पोहून जायचा विचार मी तिथेच सोडला.

पण घाबरलो नाही, हे सांगतो. उलट मनातून जरा फुशारलोच. नाव गेली, डबा राहिला! साहेबाने लिहिलं तसं अक्षरशः घडलं होतं. मी खडकावर मांडी घातली, डबा सोडवून पुढ्यात घेतला आणि झाकण फिरवलं.

फिरलं नाही.

नखांनी राळ खरवडली. नखं गेली. दातांनी चिंधीचं टोक शोधलं, टोक नव्हतंच. बाने ते आत दडवलं होतं, कारण चांगल्या कामात टोक दिसू नये. मग मला आठवलं की राळ चाकूने निघते. चाकू आत होता. राळ विस्तवानेही वितळते. आगपेटी आत होती. शिटी मारून कोणाला बोलवावं तर शिटी आत. डोक्यावर लख्ख ऊन, आरसा चमकवायला याहून चांगली वेळ नाही, आणि आरसा आत, कोरडा ठणठणीत, माझ्यापेक्षा सुखात. (पुढे हे सगळं मी बाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत पाणी गेलं का?" मी म्हणालो, नाही. "मंग?" तो म्हणाला.)

तेव्हा मात्र माझं अवसान गळालं. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. दिवाळी चार दिवसांवर होती. आज पोचलो नाही तर मामाजी म्हणणार, आलाच नाही. कौशी म्हणणार, बुडला. नावाडी काही म्हणणार नाही, नुसते दंड चोळणार. आणि मी इथे मगरीसमोर बसून, जीव वाचवायची सगळी सामग्री मांडीवर घेऊन मरणार. मरणाचंही काही नाही, पण प्रेत सापडल्यावर लोक डबा फोडून बघतील, तेव्हा आत काय काय होतं ते पाहून गावोगाव सांगतील. ते मला सहन होईना. मी डबा उचलला आणि खडकावर आपटला.

ठण्ण असा आवाज झाला. डब्याला पोचा आला, राळ तडकली नाही. मी परत आपटला. मग मला थांबताच येईना. ठण्ण ठण्ण ठण्ण, एकेका ठोक्याला मी बाला, साहेबाला, हेडमास्तरांना आणि त्यांच्या मासिकाला मनात येईल ते बोलत होतो. अर्धा तास तरी ठोकत असेन. खांदे भरून आले तेव्हा थांबलो.

पुन्हा सगळीकडे शांत झालं. बऱ्याच वेळाने वळणावरून डोंगा वर येताना दिसला. माझाच डोंगा. त्यात उभी राहून, पदर खोचून, तळाला बांबू रोवत कौशी प्रवाहाच्या उलट येत होती.

ती जवळ आली. तिचे डोळे लाल होते. "जिते आहा का?" तिने विचारलं.

"हो."

"रिकामा डोंगा आला. छत्री आली. मले वाटलं..." ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी वाटेत जुळवलेलं वाक्य विसरलो. मलाही रडू आलं, आणि मधल्या काळात डोंगा पुन्हा निघून जाऊ नये म्हणून तिने पायाने खडक धरून ठेवला. मग तिची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली आणि तिचा चेहरा पालटला.

"डबा तुमीच वाजवून राह्यले होते का?"

"हो. काऊन?"

"अरे देवा," कौशी म्हणाली. "मंग बुडलेच असते त बरं होतं. माहा बा आता सोडत नाई तुमाले."

झालं होतं असं. पावसाळा उतरला की त्या गावचं वर्षातलं सगळ्यात मोठं जाळं लागतं. वळणाच्या खाली सगळं गाव जाळं धरून पाण्यात उभं राहतं आणि वरच्या अंगाला एकजण बसतो. माशांचा घोळका त्याच्यासमोरून खाली सरकला की तो पत्र्याचा डबा बडवतो. डबा वाजला की जाळं ओढायचं, विचारायचं नाही, बोलायचं नाही. त्या दिवशी वर माझा साळा, म्हणजे कौशीचा भाऊ, देवाजी बसला होता. घोळका अजून त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. आणि माझा डबा वाजला. सगळ्या गावाने दम लावून जाळं ओढलं. त्यात एक कासव होतं.

मासे वरूनच फुटून गेले. आणि हे जाळं त्या दिवशी मामाजींनी मुद्दाम लावलं होतं, जावई येणार म्हणून.

कौशीने मला घाटाला लावलं. सगळं गाव चिंब भिजून, रिकामं जाळं पसरून बसलं होतं. कोणी हसलं नाही. उन्हाळ्यातलं ते हसणं मला फार बरं वाटायला लागलं. मामाजी दगडावर बसले होते. "गुरुजी," ते म्हणाले, "अट काय होती?"

"एकट्यानं यायचं."

"मंग कोण आलं एकट्यानं?"

मी डबा पाठीमागे लपवला.

"डोंगा आला एकट्यानं," मामाजी म्हणाले. "तुमाले पोरगी घेऊन आली."

देवाजीने माझ्या हातातला डबा हिसकला. "हाच का तो?" म्हणत त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याच्यावर तडाखा दिला. दांडा मोडला. मग मामाजींनी डबा मागून घेतला. कानाशी धरून हलवला. पाण्यात बुडवून धरला, बुडबुडा येतो का ते पाहिलं, परत हलवला. आत सगळं खडखडीत वाजत होतं.

"काय हाये यात?"

मी वर्गात उभं केलेल्या पोरासारखं सांगितलं. आगपेटी, गळ, दोरी, चाकू, आरसा...

"चाकू आत हाये?"

"हो."

"मंग उघडाचा कायनं?"

आधी एक म्हातारी फिस्सकन हसली. मग तिच्या शेजारची. मग जाळ्यावर बसलेली माणसं, ज्यांच्या घरी त्या दिवशी मासा शिजणार नव्हता ती माणसं, वाळूत आडवी होऊन हसायला लागली. देवाजी मोडका दांडा घेऊन हसत होता. कौशीसुद्धा तोंड फिरवून हसत होती. मामाजी तेवढे हसत नव्हते. ते झाकणाच्या सांध्यावर अंगठा फिरवत होते, अगदी बा फिरवायचा तसा.

"हे बांधलं कोणं?"

"बानं."

त्यांनी डबा मांडीवर ठेवला. "आमचे तिन्ही डोंगे दोन वर्षं झाले गळून राह्यले," मग ते म्हणाले. "तुमच्या बाले सांगा, आठ दिवस इकडं येऊन राहा. तिन्ही बांधून द्या. मासे गेले ते गेले." आणि कौशीकडे वळून म्हणाले, "जाय तू. घर बुडाचं नाई ते. जवाई बुडन, पण घर नाई बुडाचं."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पण येक सांगतो, गुरुजी. पोरगी डोंग्यात हाये तवर वल्ह्याले तुमी हात लावाचा नाई."

येताना दोन दिवस लागले, कारण प्रवाह उलटा होता. कौशी मागे उभी राहून बांबू रोवत होती आणि मी मधोमध बसलो होतो. मध्ये एकदा मी म्हणालो, "दमली असशील, थोडं मी घेऊ का?" तिने बांबू थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नीट बसलो. त्या धुण्याच्या घाटावर बाया तशाच होत्या. "गुरुजी, आता सरळ चालून राह्यले," एक म्हणाली. मी छत्री उघडली, निदान तोंड तरी झाकावं म्हणून.

आमच्या घाटावर माय उभी होती. आम्ही दिसताच तिने लांबूनच हाक घातली, "आणलं का रे सुनेले?"

मी तोंड उघडायच्या आत मागून उत्तर गेलं. "मीच आणलं यायले," कौशी म्हणाली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या लग्नाचा विषय निघाला की मी नातवंडांना अजूनही सांगतो, तुमच्या आजीला आणायला मी भर रानातून, मगरीसमोरून, एकटा नदीने गेलो होतो. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. फक्त ती बाजाराला गेलेली असतानाच सांगावं लागतं.